टोचणी, ताप आणि आकडी

लहान मुलाला ताप चढला की घर जागे राहते. आई मूल मांडीवर घेऊन बसते. बाप दहादा उठून कपाळाला हात लावतो. म्हातारी मीठमोहऱ्या ओवाळते. एवढ्यात मुलाचे डोळे फिरतात. हातपाय ताठ होतात, मग झटके देऊ लागतात. दातखिळी बसते. तोंडाला फेस येतो. ओठ निळे पडतात. हाक मारली तर ओ नाही. घरात एकच आकांत होतो, "गेलं माझं लेकरू!"

दोन-तीन मिनिटे जातात. झटके थांबतात. मूल सैल पडते आणि झोपी जाते. थोड्या वेळाने उठते, आईला ओळखते, दूध मागते.

ही तापातली आकडी. कुठे तिला झटका म्हणतात, कुठे फिट म्हणतात. आणि ही आकडी लस टोचल्यावर आली तर मग बोलायलाच नको. गावभर होते, "सुईनं पोर वाया घालवलं." त्या घरातले पुढचे मूल मग टोचायला जात नाही. शेजारणीचेही जात नाही. असे होऊ नये म्हणून हा धडा लिहिला आहे. आम्ही डॉक्टर नव्हे, शाळामास्तर. पण या गोष्टीत डॉक्टर लोकांनी बरीच मोजदाद करून ठेवली आहे, आणि मोजदाद कशी वाचावी हे मास्तराला कळते.

आधी आकडी म्हणजे काय ते पाहू. आपला मेंदू साऱ्या अंगाला हुकूम धाडतो. हात उचल, पाय टाक, डोळा मीट. हे हुकूम अगदी बारीक विजेच्या रूपाने शिरांतून जातात. लहान मुलाचा मेंदू अजून कोवळा असतो. अंग एकाएकी तापले की काही मुलांच्या मेंदूत ही वीज क्षणभर भलतीच उसळते. सगळे हुकूम एकदम सुटतात. म्हणून हातपाय झटके देतात. विहिरीवरच्या मोटारीचे तुम्हांला ठाऊक आहे. विजेचा दाब कमीजास्त झाला की स्टार्टर पडतो. मोटार बंद होते, पण जळालेली नसते. दाब ठीक झाला की पुन्हा पाणी येते. तापातल्या साध्या आकडीचेही तसेच आहे. ती पाहणाऱ्याला फार भयंकर दिसते, पण मेंदूला जाळून जात नाही.

ही आकडी सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंतच्या मुलांना येते. त्यातही दीड वर्षाच्या आसपास जास्त. शंभर मुलांत दोन ते पाच मुलांना ती केव्हा तरी येते. म्हणजे आमच्या शाळेच्या पहिलीच्या वर्गात चाळीस मुले बसली, तर त्यात एकदोघांना लहानपणी आकडी येऊन गेली असणार. ती मुले आज कोणती, हे ओळखता येणार नाही. पाढे म्हणतात, भांडतात, गोट्या खेळतात. एकदा आकडी आलेल्या तीन मुलांपैकी एकाला पुढच्या एखाद्या तापात ती पुन्हा येते. बापाला किंवा आत्याला लहानपणी आली असेल तर मुलाला येण्याचा संभव अधिक. मात्र मिरगी वेगळी आणि ही वेगळी. मिरगीचे झटके ताप नसतानाही येतात. तापातली साधी आकडी आलेल्या शंभर मुलांपैकी सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णव मुलांना पुढे मिरगी होत नाही.

आता टोचणीकडे वळू.

लस म्हणजे शरीराला रोगाची ओळख करून देणे. पोलीस चौकीत चोराचा फोटो लावतात ना, तसे. चोर खरा येईल तेव्हा शिपाई त्याला दारातच धरतात. पण फोटो आला की चौकीत थोडी धावपळ होतेच. त्या धावपळीत काही मुलांचे अंग तापते.

आता या तापाचे दिवस ठरलेले आहेत, आणि ते ध्यानात ठेवण्याजोगे आहेत. दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांना जी पाच रोगांची एकत्र लस देतात तिला पेंटा म्हणतात. घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात, ब कावीळ आणि मेंदूच्या आवरणाला सूज आणणारा एक जंतू, असे ते पाच. पुढे दीड वर्षाच्या सुमारास यांतल्या पहिल्या तिघांचा जादा डोस असतो. त्याला त्रिगुणी म्हणतात. या लशींत डांग्या खोकल्याचे मेलेले जंतू असतात. त्यांचा ताप त्याच दिवशी किंवा त्या रात्री येतो, आणि एकदोन दिवसांत उतरतो. गोवर-रुबेलाची लस मात्र निराळी. ती नऊ महिने पुरे झाल्यावर एकदा आणि दीड वर्षाच्या सुमारास एकदा देतात. तिच्यात जंतू जिवंत पण दुबळे केलेले असतात. ते अंगात हळूहळू वाढतात, म्हणून तिचा ताप उशिरा येतो. आठवडा-दीड आठवडा जातो, आई टोचणी विसरून गेलेली असते, आणि मग एके दिवशी अंग तापते. कधी बारीक पुरळही दिसते.

दीड वर्षाचे मूल हेच आकडीच्या वयाचे मूल. त्याच वयात या टोचण्या. तेव्हा हजारो मुलांत एखाद्याला टोचणीच्या तापात आकडी येते, हे खरे आहे. ते कोणी लपवू नये. अमेरिकेत गोवर, गालगुंड आणि रुबेला यांची एकत्र लस देतात. तिथल्या मोजणीत सुमारे तीन ते चार हजार डोसांमागे एका मुलाला आकडी आली.

आमच्या वाचनवर्गात एक आजी येतात. साठी उलटल्यावर अक्षर गिरवायला बसल्या. त्यांनी एका संध्याकाळी पाटी खाली ठेवली आणि विचारले, "गुरुजी, एक सांगा. नातीला दुपारी सुई दिली, रातीला आकडी आली. सुई दिली नसती तर आली असती का?"

आम्ही म्हणालो, "त्या रात्री बहुधा आली नसती, आजी."

"मग झालं की! सुईनंच आणली."

"आजी, तुमच्याकडे बुजरा गोऱ्हा होता ना?"

"होता की. छत्री उघडली तरी उधळायचा."

"छत्री उघडली नसती तर?"

आजी हसल्या. "तर एस्टीच्या भोंग्याला उधळला असता. पण मोठा झाला तसा बुजायचं सोडलं त्यानं."

झाले. अर्धा धडा आजींनीच सांगितला. ज्या मुलाचा मेंदू तापाला बुजतो, ते सर्दीच्या तापात बुजेल, कान फुटल्याच्या तापात बुजेल, नाही तर टोचणीच्या तापात बुजेल. आकडी आणतो तो ताप. आणि वय वाढले की बुजणे सुटते. डेन्मार्क देशात पाच लाखांहून जास्त मुलांच्या नोंदी तपासल्या आणि २००४ मध्ये निकाल छापला. टोचणीच्या तापात आकडी आलेल्या मुलांना पुढे मिरगी जास्त झाली का? नाही. इतर तापांत आकडी आलेल्या मुलांसारखीच तीही मुले होती.

पण आजी शेतकरीण. सौदा पुरता केल्याखेरीज उठणाऱ्या नव्हेत. त्या म्हणाल्या, "मग ताप आणणारी सुई द्यायचीच कशाला? नसता उद्योग."

हा प्रश्न विचारणे चूक नाही. एके काळी एका आख्ख्या देशाने तो विचारला आणि त्याचे उत्तर फार महागात घेतले. ती हकिगत सांगतो.

१९७४ साल. इंग्लंड देश. तिथे डांग्या खोकल्याची लस बरीच वर्षे चालू होती. शंभर मुलांपैकी ऐंशीच्या आसपास मुले ती घेत. त्या साली लंडनच्या एका मोठ्या बालरुग्णालयातल्या डॉक्टरांनी ३६ मुलांची हकिगत छापली. त्रिगुणी लस दिल्यावर या मुलांना झटके आले होते, कित्येकांच्या मेंदूला अपाय झालेला होता. डॉक्टरांना वाटले, हे लशीमुळे असावे. वर्तमानपत्रांनी ते उचलले. दूरदर्शनवर मुलांची चित्रे दाखवली. आईबापांच्या पोटात गोळा उठला. कोणाच्या उठणार नाही? चारपाच वर्षांत टोचून घेणारी मुले ऐंशीवरून तीसच्या आसपास आली.

डांग्या खोकला वाटच पाहत होता. १९७७ ते १९७९ या काळात तिथे मोठी साथ आली. लाखाच्या आसपास रुग्णांची नोंद झाली. १९८२ साली पुन्हा साथ. डांग्या खोकला ज्यांनी पाहिला नाही त्यांना सांगतो. मूल एका दमात दहा-वीस ढासा देते. चेहरा लाल होतो, मग काळा पडतो, शेवटी कोंबडा आरवल्यासारखा श्वास आत घेते आणि ओकते. हे दिवसातून कितीदा तरी, आणि आठवड्यामागून आठवडे. तान्ह्या मुलाला ढास लागतही नाही, नुसता श्वास बंद पडतो. आणि या खोकल्याने मुलाला झटके येतात, मेंदूला इजा होते. ज्या भीतीने टोचणी सोडली, तीच गोष्ट रोग घेऊन आला.

जपानातही तेच. दोन मुले टोचणीनंतर दगावली, म्हणून १९७५ साली तिथे ही लस थांबवली. पुढे ती पुन्हा सुरू केली, पण लोकांचा विश्वास उडाला होता. १९७४ मध्ये साऱ्या जपानात डांग्या खोकल्याचे चारशेच्या आत रुग्ण होते, मृत्यू एकही नव्हता. १९७९ मध्ये तेरा हजारांवर रुग्ण झाले आणि ४१ जण मेले. मग जपानने कमी ताप आणणारी निराळी लस काढली आणि १९८१ पासून ती वापरू लागले. हेही सांगितले पाहिजे. लोकांच्या भीतीतून एक चांगली गोष्टही निघाली, पण मधली लेकरे परत आली नाहीत.

मग इंग्लंडातल्या त्या ३६ मुलांसारख्या मुलांना झाले होते तरी काय? हा वाद कोर्टात गेला. १९८८ साली लंडनच्या न्यायाधीशाने, सगळा पुरावा ऐकून, लशीने मेंदूला कायमचा अपाय होतो हे सिद्ध होत नाही असा निकाल दिला. आईबाप म्हणाले असतील, सिद्ध होत नाही म्हणता, पण आमच्या पोराला झाले काय ते तर सांगा. त्याचे उत्तर यायला आणखी अठरा वर्षे लागली. २००६ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या डॉक्टरांनी अशाच १४ जणांचे रक्त तपासले. टोचणीनंतर मेंदू बिघडला असे ज्यांच्याबद्दल म्हटले होते, असे ते १४ जण. त्यांतल्या ११ जणांत जन्माचाच एक दोष सापडला. बी रुजते तेव्हाच त्यात पुढचे झाड कसे होणार ते ठरलेले असते. तसा हा दोष गर्भातच होता. बहुतेकांच्या आईबापांत तो नव्हता, मुलात नवीन उपजला. त्यांच्या मिरगीचा आजार पुढे यायचाच होता. टोचणीच्या तापात पहिला झटका आला, म्हणून सगळ्यांचे बोट सुईकडे गेले. या आजाराची खूण अशी, की पहिल्या वर्षातच झटके सुरू होतात, वरचेवर येतात, फार वेळ चालतात, आणि थोड्याशा तापाने किंवा गरम पाण्याच्या अंघोळीनेही येतात. असे मूल लाखांत थोडी. पण असेल तर त्याला मोठ्या दवाखान्यातच न्यावे.

आपल्याकडचेही एक उदाहरण देतो. २०२२ च्या दिवाळीच्या सुमारास मुंबईत गोवंडी आणि आसपासच्या वस्त्यांत गोवराची साथ आली. लहान मुले दगावली. त्यांतली बरीच टोचणी न झालेली होती. गोवर आला म्हणजे देवी आली असे म्हणून आपल्याकडे घरात गप्प बसतात. पण गोवराचा ताप लशीच्या तापाच्या कितीतरी पट. त्यात आकडी तर येतेच, शिवाय हजार मुलांत सुमारे एकाच्या मेंदूला सूज येते. ही सूज काही साध्या आकडीसारखी निघून जात नाही.

आजींना आम्ही हे सगळे सांगितले. त्यांनी हिशेब मांडला, "म्हणजे दोन दिसांचा ताप, नाही तर महिन्याची ढास." आमचे सारे आकडे त्यांनी एका ओळीत बसवले.

बरे, आकडी आलीच तर काय करायचे? हा भाग सावकाश वाचा. घरात वाचता न येणारे कोणी असेल तर मोठ्याने वाचून दाखवा.

मुलाला जमिनीवर सपाट जागी, कुशीवर निजवा. कुशीवर निजवले की लाळ बाहेर गळते, घशात जात नाही. गळ्याजवळचे कपडे सैल करा. जवळची चूल, दगड, पाटा दूर करा. आणि वेळ पाहा. घड्याळ नसेल तर मोबाइलवर पाहा. भीतीच्या वेळी एक मिनिट एका तासासारखे वाटते, म्हणून अंदाजाने सांगू नका. दुसरे कोणी जवळ असेल तर त्याने मोबाइलवर चित्रण करून ठेवावे. डॉक्टरांना ते दाखवले की शंभर प्रश्न वाचतात.

तोंडात काही घालू नका. चमचा नको, बोट नको, पाणी नको, औषध नको. चमच्याने दात मोडतो. पाणी श्वासनळीत जाते. जीभ गिळली जाईल अशी भीती लोक घालतात. जीभ कधी गिळली जात नाही. हातपाय दाबून धरू नका. दाबल्याने झटका थांबत नाही, हाडाला मात्र इजा होते. नाकाला कांदा लावणे, जोडा हुंगवणे, यांचा काही उपयोग नाही. आकडी आपल्या वेळेनेच थांबते, आणि नाव कांद्याचे होते! चटके देणे हा तर त्या अजाण जिवावर अत्याचार आहे.

पाच मिनिटे झाली आणि झटके थांबले नाहीत, तर १०८ ला फोन लावा किंवा मिळेल त्या गाडीने दवाखाना गाठा. एका दिवसात दुसऱ्यांदा आली तरी निघा. अंगाची एकच बाजू उडत असेल, झटके थांबल्यावर तासाभराने मूल नीट जागे होत नसेल, मान ताठ असेल, टाळू फुगली असेल, उलट्या थांबत नसतील, अंगावर जांभळे ठिपके असतील, श्वास लागत असेल, तर एक घटकाही घालवू नका. सहा महिन्यांच्या आतल्या मुलाला झटका आला तर तो तापातला साधा झटका समजू नये. गडचिरोलीसारख्या हिवतापाच्या मुलखात ताप आणि झटके म्हटले की रक्त तपासायलाच हवे. तिथे मेंदूचा हिवताप असू शकतो. आणि पहिलीच आकडी असेल तर ती दोन मिनिटांत थांबली तरी मुलाला त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. भगताकडे जायचे कोणाला असेल तर त्याने डॉक्टरांकडून आल्यावर जावे. आधी नव्हे.

टोचणीनंतर ताप आला तर अंगावर घोंगड्या घालू नका. पातळ कपडे घाला. अंगावर पाजत राहा. पॅरासिटामॉल किती द्यायचे ते मुलाच्या वजनावर असते. नर्सबाई सांगतील तेवढेच द्या, मोठ्यांची गोळी मोडून देऊ नका. अ‍ॅस्पिरिन मुलांना मुळीच नको. या औषधाने ताप उतरतो, मुलाला आराम पडतो. आकडी मात्र त्याने टळेलच असे नाही. म्हणून औषध देऊनही आकडी आली तर आईने स्वतःला दोष लावू नये, आणि सासूनेही सुनेला लावू नये. ताप दोन दिवसांवर राहिला तर तो टोचणीचा नसावा. दवाखान्यात दाखवावे.

राहिला पुढचा डोस. एकदा तापात आकडी आली एवढ्यावरून पुढच्या टोचण्या बंद होत नाहीत. पण सुई घेण्याआधी नर्सबाईंना सांगा, "मागच्या वेळी आकडी आली होती, अमुक दिवशी, इतकी मिनिटे." त्या डॉक्टरांना विचारतील. बहुतेक वेळा डॉक्टर टोचून घ्या म्हणतात, आणि तापावर लक्ष कसे ठेवायचे ते सांगतात. ताप नसताना झटके आले असतील, किंवा मूल बराच वेळ बेशुद्ध राहिले असेल, तर गोष्ट निराळी. तेव्हा पुढची लस कोणती आणि केव्हा हे डॉक्टर ठरवतात. टोचल्यावर अर्धा तास केंद्रावरच बसायचे. घाई करून बाजाराला जायचे नाही.

आता घरातले ते माता-बाल कार्ड काढा. पत्र्याच्या पेटीत, नाही तर देवामागे असेल. त्यावर मुलाचे नाव आहे. ते वाचा. खाली लशींची नावे आहेत. पेंटा, गोवर-रुबेला, त्रिगुणी. प्रत्येकीसमोर चौकट आहे. ज्या चौकटीत तारीख लिहिली आहे ती लस झाली. जी चौकट कोरी आहे ती राहिली. कार्डावर पुढे यायची तारीखही लिहिलेली असते. ती वाचा आणि दाराजवळच्या दिनदर्शिकेवर त्या दिवसाभोवती गोल करा. मागे आकडी आली असेल तर तो दिवस आणि किती मिनिटे तेही कार्डाच्या कोऱ्या जागेत लिहून ठेवा. अक्षर वेडेवाकडे आले तरी चालेल. नर्सबाईंना वाचता येते.